पवईचा इतिहास आणि त्यातील कर्ता

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) इंग्लंडमधील एखाद्या लहानशा खेड्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण सहसा पडत नाही. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी असतात. १८४१ पासूनच्या शिरगणतीत घरोघरची माणसे नावानिशी भेटतात. १८३६ च्या कायद्यान्वये तयार झालेल्या दशांश-कराच्या नकाशांवरून शेताचा मालक कोण व कसणारा कोण हे कळते. त्याच काळातील साष्टीच्या खेड्याकडे वळले म्हणजे चित्र पालटते. पवई हे त्याचे बोलके उदाहरण होय.

पवईविषयीच्या जुन्या छापील साहित्यात दोन दृष्टी प्रामुख्याने आढळतात: एक मालकाची, दुसरी सरकारची. पहिलीचा नमुना म्हणजे फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७–१८५१) यांचे, बनाजी घराण्यातीलच खुशरू नवरोजी बनाजी यांनी लिहिलेले व १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी चरित्र. दुसरीचा नमुना म्हणजे जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर (१८८२).

फ्रामजींची थोरवी वादातीत आहे. पवईच्या जमिनीत त्यांनी ऊस, नीळ व तुतीचे प्रयोग केले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्यांची वाखाणणी केली. १८३८ मध्ये फ्रामजींनी व्हिक्टोरिया राणीस आंबे पाठविले, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. तथापि या हकिकती मराठीत आणताना एक दोष हटकून घडतो. ‘फ्रामजींनी विहिरी खणल्या’ असे वाक्य लिहिले जाते. इंग्रजीत खणणारा आणि खणविणारा यांस पुष्कळदा एकच क्रियापद चालते. मराठीत तसे नाही. मराठीजवळ ‘खणविणे’ हे प्रयोजक रूप आहे. ‘फ्रामजींनी विहिरी खणविल्या’ असे म्हणताच ‘कोणाकडून?’ हा प्रश्न व्याकरणच उभा करते. हा प्रश्न म्हणजेच पवई गावाच्या इतिहासाचा आरंभ होय. ‘खणल्या’ या रूपाने तो प्रश्न मिटतो, आणि गावाचा इतिहास मालकाच्या चरित्रात विरून जातो.

गॅझेटिअरचा दोष निराळा आहे. त्याची विद्वत्ता मोठी. पुराणवस्तूंच्या विवेचनास भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्यांचे साहाय्य लाभलेले. परंतु त्याचा घटक जिल्हा हा आहे, गाव नव्हे. म्हणून कोळी, आगरी, वारली, कातकरी हे त्यात जाती म्हणून येतात आणि त्यांची क्रियापदे रीतिवर्तमानात राहतात: ते मासे धरतात, मिठागरात राबतात, लाकूड तोडतात. अमुक वर्षी अमुक माणसाने अमुक केले, असे भूतकाळी वाक्य त्यांच्या वाट्यास क्वचितच येते. ज्याला भूतकाळ नाही त्याला इतिहास नाही, असा समज मग वाचकाच्या मनात नकळत रुजतो.

तिसरी लकब कर्मणी वाक्याची. मुंबईच्या पाण्यासाठी विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि पवईचा तलाव १८९१ मध्ये ‘बांधण्यात आला’. पवईचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले. शहराची गरज व शहराची निराशा या दोहोंची नोंद झाली. पाण्याखाली गेलेली जमीन कसणाऱ्यांना मात्र या वाक्यात जागाच नाही. शेजारच्या कोंडिवट्याविषयीही असेच बोलले जाते. तेथील सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च १८४० च्या साथीनंतर मरोळला ‘हलविण्यात आले’. वस्तुतः जुनी इमारत जागीच राहिली; हलली ती माणसे.

गावाचे नावही साक्षीला घ्यावे लागते. पवई हे पद्मावती देवीवरून आले, असे सांगितले जाते. पद्मावतीचे प्राकृत रूप ‘पउमावई’. स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ होणे मराठीस परिचित आहे (ग्राम—गाव, नाम—नाव), आणि लागोपाठच्या दोन ‘व’पैकी एक गळणेही अशक्य नाही. ध्वनिदृष्ट्या व्युत्पत्ती संभाव्य आहे. जुन्या लिखित रूपांच्या आधारावाचून ती सिद्ध मात्र म्हणता येत नाही. तरीही एवढे ध्यानात घेण्याजोगे आहे की, हे नाव टिकविले ते बोलणाऱ्यांनी. मालक व कारभार बदलले, १९५१ च्या कायद्याने साष्टीतील इस्टेटींची सारामाफी संपुष्टात आली, १९५८ मध्ये तेथे तंत्रविद्येची मोठी संस्था स्थापन झाली, नाव राहिले.

तात्पर्य, उपनगरांतील गावांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी चरित्र व गॅझेटिअर टाकून द्यावे असे नव्हे; ती अपरिहार्य आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण हे आधी तपासावे, आणि चर्चची नोंदवही, सातबारा, शेतांची नावे व वृद्धांची बोली यांतून गाळलेला कर्ता शोधावा. हे न केल्यास नव्या प्रबंधांतूनही जुन्या मालकांचीच चरित्रे पुन्हा लिहिली जातील, आणि तीही सदोष मराठीत.