अक्षरे खरेच नाचतात का?

आमिर खान दिग्दर्शित व अमोल गुप्ते लिखित ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट २००७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. वर्गात ‘ढ’ म्हणून हिणवले जाणारे मूल आळशी किंवा मठ्ठ असेलच असे नाही, त्याला वाचन-अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया असू शकेल, ही गोष्ट कित्येक घरांत पहिल्यांदा पोहोचली ती या चित्रपटामुळे. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र असे मूल आपल्या वर्गात असेल तर मदत कोठून सुरू करायची, हा प्रश्न मनात धरून आम्ही तो पुन्हा पाहिला, तेव्हा काही गोष्टी खटकल्या.

आधी उत्तम जमलेल्या गोष्टीविषयी. तिसरीत दुसऱ्यांदा बसलेल्या ईशानची रवानगी वसतिगृहाच्या शाळेत होते. तिथले हंगामी चित्रकला शिक्षक निकुंभ त्याच्या वह्या चाळतात आणि त्याच्या घरी जाऊन आईवडिलांना दाखवून देतात, की या चुका वाटेल तशा झालेल्या नाहीत. इंग्रजी ‘बी’च्या जागी ‘डी’, आरशातल्यासारखी उलटी अक्षरे, एकाच शब्दाची निरनिराळी स्पेलिंगे. चुकांना एक ठरावीक घाट आहे. चुकीवर लाल रेघ मारणे आणि चूक वाचणे यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो. शिक्षकांच्या दृष्टीने साऱ्या चित्रपटातला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा आहे.

खटकतात ती नाचणारी अक्षरे. पडद्यावर ती कागद सोडून हलू लागतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की दोष डोळ्यांत आहे. हा समज जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या हुशार मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी. डॉक्टरांनी या अवस्थेला नाव दिले ‘जन्मजात शब्दांधत्व’. पुढच्या संशोधनातून मात्र दिसले, की बहुतेक मुलांची अडचण पाहण्यात नसून शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. उलटी अक्षरे तर सहा-सात वर्षांपर्यंतची अनेक मुले काढतात. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मराठी शाळेतल्या शिक्षकाने ‘बी’ आणि ‘डी’ शोधून तरी काय उपयोग? आपल्याकडे घोटाळा होईल तो ‘घ’ आणि ‘ध’चा, ‘म’ आणि ‘भ’चा, काना-मात्रांचा, जोडाक्षरांचा. ‘दिवा’ लिहिताना वेलांटी ‘द’च्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर! ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरते, ‘दगड’मधला ‘द’ काढला तर काय उरते, असे खेळ तोंडी घेऊन पाहावेत. बरोबरीची मुले चटकन ‘पाट’, ‘गड’ म्हणत असताना एखादे मूल सतत अडखळत असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवे.

दुसरा आक्षेप शेवटाविषयी. ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. टाळ्या वाजतात, आपलेही डोळे पाणावतात. पण ज्या मुलाला चित्र काढता येत नाही, गाता येत नाही, धावताही येत नाही, त्याचे काय? मदत हा त्याचा हक्क आहे. अंगच्या गुणांचे बक्षीस म्हणून ती मिळायची नसते. आइनस्टाइनचे नाव घेऊन पालकांना धीर देणेही धोक्याचे आहे, कारण मूल साधेच निघाले तर ते पुन्हा नापास ठरते.

तिसरे म्हणजे, निकुंभ एकटेच निदान करतात आणि एकटेच शिकवतात. प्रत्यक्षात शिक्षकाने शंका घ्यावी, निदान करू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग मानसशास्त्रज्ञांकडून बुद्धीची आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘विशिष्ट अध्ययन अक्षमते’ला मान्यता दिली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्राथमिक चाळणी शिक्षकांकडे सोपवली आणि प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ वर्षे ठरवले. प्रमाणपत्रामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण वाचायला येते ते रोजच्या, पायरीपायरीने केलेल्या अध्यापनामुळे. चित्रपटात जे एका गाण्यात उरकते, त्याला महिने आणि वर्षे लागतात. आणि हे अध्यापन सुरू करायला आठवा वाढदिवस उजाडण्याची गरज नाही.

पर्सीच्या हकिकतीत आणखी एक नोंद आहे. सगळे तोंडी शिकवले असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. म्हणजे डॉक्टरांच्या बरोबरीने त्याला ओळखणारा एक शिक्षकही होता. हा चित्रपट शाळेत जरूर दाखवावा. दिवे लागल्यावर मात्र डोळे पुसून लगेच घरी जाऊ नये. आपल्या वर्गातल्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढावा आणि त्यातल्या चुका एकदा वाचून पाहाव्यात.