नकार नेमका कशाला? : इंग्रजी मोडल क्रियापदे, प्रिपोझिशनयुक्त पदबंध आणि मराठी विद्यार्थी

प्रास्ताविक

मराठी माध्यमातून शिकून भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याजवळ इंग्रजी व्याकरणाचे दोन तक्ते पाठ असतात. पहिला मोडल क्रियापदांचा : ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘नये’, ‘कॅनॉट’ म्हणजे ‘शकत नाही’, ‘नीड नॉट’ म्हणजे ‘गरज नाही’. दुसरा प्रिपोझिशन्सचा : ‘बिफोर’ म्हणजे ‘आधी’, ‘विदाउट’ म्हणजे ‘शिवाय’, ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’. हे दोन तक्ते वेगवेगळ्या प्रकरणांत शिकविले जातात आणि वेगवेगळ्या प्रश्नांत तपासले जातात. प्रत्यक्ष वाक्यात मात्र ते एकत्र येतात आणि अर्थाचा निर्णय बहुधा त्यांच्या संयोगातच होतो. या संयोगाकडे झालेल्या दुर्लक्षाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नकार मोडलला लागतो की मुख्य क्रियेला, एवढाच प्रश्न पुरेसा नसून तो पुढील पदबंधाला लागतो काय, हेही विचारले पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

दोन जागांची उपपत्ती

क्वर्क, ग्रीनबाम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद् इंग्रजी व्याकरणात मोडलच्या नकाराचे दोन प्रकार मानले आहेत : साहाय्यक क्रियापदाचा नकार आणि मुख्य क्रियापदाचा नकार. ‘नीड नॉट गो’ मध्ये गरज नाकारली जाते, म्हणजे नकार साहाय्यकाचा. ‘मस्ट नॉट गो’ मध्ये सक्ती कायम राहते आणि जाणे नाकारले जाते, म्हणजे नकार मुख्य क्रियेचा. ‘मे नॉट’ या एकाच रूपात दोन्ही शक्यता आहेत. परवानगीच्या अर्थी परवानगी नाकारली जाते, तर संभाव्यतेच्या अर्थी क्रिया नाकारली जाते. पामर यांच्या १९७९ च्या ग्रंथातही वृत्तीचा नकार आणि विधानाचा नकार असा भेद आढळतो.

ही विभागणी उपयुक्त आहे. परंतु वर्गात पोहोचेपर्यंत तिचे रूपांतर एका कोष्टकात होते, आणि कोष्टकातील वाक्ये ‘यू मस्ट नॉट गो’ इतकीच आखूड असतात. क्रियापदानंतर पदबंध आला की कोष्टक अपुरे पडते.

तिसरी जागा

‘यू मस्ट नॉट कम बिफोर नाइन’ या वाक्यात येण्यास मनाई नाही. मनाई आहे ती नऊच्या आधी येण्यास. व्याकरणदृष्ट्या नकार ‘मस्ट’ला चिकटलेला दिसतो, परंतु त्याचा रोख ‘बिफोर नाइन’ या पदबंधावर आहे. ‘यू नीड नॉट कम बिफोर नाइन’ या वाक्याचीही तीच स्थिती आहे. यायचे तर आहेच, नऊच्या आधी मात्र आलेच पाहिजे असे नाही.

येथे विद्यार्थ्याची फारशी चूक होत नाही. ती होते ती पुढील प्रकारच्या वाक्यात : ‘द पेशंट मस्ट नॉट टेक दिस टॅब्लेट फॉर टेन डेज’. याचे दोन अर्थ संभवतात. पदबंध नकाराच्या कक्षेबाहेर ठेवला, तर पुढील दहा दिवस गोळी वर्ज्य ठरते. तो कक्षेच्या आत घेतला, तर गोळी घेण्यास हरकत नाही, पण दहा दिवस चालू ठेवू नये, असा अर्थ होतो. एका वाचनात रुग्ण आज गोळी घेणार नाही, दुसऱ्यात घेईल. पदबंध वाक्याच्या आरंभी नेला की, म्हणजे ‘फॉर टेन डेज’ने वाक्य सुरू केले की, पहिलाच अर्थ उरतो, कारण आरंभी गेलेला पदबंध नकाराच्या कक्षेतून सुटतो.

याउलट इंग्रजीत नकारच पदबंधात नेता येतो : ‘ॲट नो टाइम मस्ट यू लीव्ह द हॉल’. अशा वेळी मोडल कर्त्याच्या आधी येते. मराठीत हा मार्ग नाही. ‘कोणत्याही वेळी सभागृह सोडता कामा नये’ असेच म्हणावे लागते. पदबंधात ‘कोणत्याही’ येते, नकार मात्र क्रियापदाजवळच राहतो.

‘विदाउट’ हे प्रिपोझिशन स्वतःच अभावदर्शक असल्याने आणखी एक गुंता निर्माण होतो. ‘यू मे नॉट एन्टर विदाउट अ पास’ मध्ये दोन नकारांतून एक अट सिद्ध होते : पास असल्यास प्रवेश आहे. ‘शी मे नॉट पास विदाउट हेल्प’ मध्ये अट नाही, शंका आहे : मदत न मिळाल्यास ती कदाचित उत्तीर्ण होणार नाही. दोन्हीकडे ‘मे नॉट’ आणि ‘विदाउट’ हेच शब्द असताना तक्ता पाठ केलेला विद्यार्थी दोन्हींचे भाषांतर एकाच साच्यात करतो.

मराठीची व्यवस्था

मराठीत वृत्तीचा नकार केवळ क्रियापदात सामावत नाही, तो कर्त्याच्या विभक्तीपर्यंत पोहोचतो. ‘मी जाऊ शकत नाही’, ‘मला जाववत नाही’, ‘त्याने जाऊ नये’, ‘तिला जावे लागत नाही’ या वाक्यांत क्रियापदासोबत कर्त्याचे रूपही बदलते. इंग्रजीत चारही ठिकाणी कर्ता प्रथमेतच राहील. भंडाऱ्याकडील बोलीत ‘मला’ऐवजी ‘मले’ येते, परंतु प्रत्ययाचे रूप बदलले तरी रचना तीच राहते. म्हणजे वृत्ती आणि विभक्ती यांचा संबंध आपल्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेला असतो. अभ्यासक्रम मात्र त्याचा उपयोग करून घेत नाही.

याचे एक कारण आपल्या व्याकरणपरंपरेत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत विवेचनाचा सांगाडा शब्दांच्या जातींवर उभा आहे. क्रियापद एका प्रकरणात, शब्दयोगी अव्यय दुसऱ्या प्रकरणात. दामल्यांचे विवेचन सूक्ष्म आहे यात शंका नाही, परंतु त्यांच्यानंतरच्या शालेय पुस्तकांनी त्यातील सूक्ष्मता सोडून केवळ सांगाडा उचलला. इंग्रजीचे अध्यापनही त्याच सांगाड्यात बसविले गेले.

तथापि मराठी सर्वत्र अधिक स्पष्ट आहे असे मानणेही चूक ठरेल. ‘हे औषध दहा दिवस घेऊ नये’ हे वाक्य इंग्रजी वाक्याइतकेच संदिग्ध आहे. मराठीची सोय अशी की संदिग्धता दूर करण्याची साधने जवळच आहेत : ‘पुढील दहा दिवस’, ‘सलग दहा दिवस’, ‘दहा दिवसांहून अधिक’. शब्दयोगी अव्ययाला ‘च’ जोडूनही रोख दाखविता येतो. ‘नऊच्या आधीच आले पाहिजे असे नाही’ यात नकार कोठे पोहोचतो ते ‘च’ सांगतो.

संविधानातील एक पदबंध

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही, हे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (१) वरून दिसते. राज्याने नागरिकांमध्ये भेदभाव करू नये असे सांगताना इंग्रजी पाठात ‘शॅल नॉट’ या नकारानंतर ‘ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ’ असा पदबंध येतो आणि पुढे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांची यादी येते. ‘ओन्ली’ने नकाराची कक्षा कितपत आकुंचित होते, हा येथील प्रश्न आहे. एका वाचनानुसार लिंग हेच एकमेव कारण असेल तरच भेदभाव निषिद्ध ठरतो. दुसऱ्या वाचनानुसार ‘ओन्ली’ फक्त यादीची मर्यादा सांगतो : या कारणांवरून भेदभाव नाही, यादीबाहेरच्या कारणांचा निषेध येथे केलेला नाही.

एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा (१९८१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या वाचनाच्या दिशेने कौल दिला. लिंगासोबत अन्य बाबी विचारात घेतलेल्या असतील तर हा अनुच्छेद लागू होत नाही, असे मानले गेले. पहिल्या गर्भारपणी हवाई सेविकेची सेवा संपविणारी अट न्यायालयाने रद्द केली, पण ती अनुच्छेद १४ च्या आधारे. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट मात्र कायम राहिली. नवतेज सिंह जोहर (२०१८) या खटल्यातील आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी या वाचनावर टीका केली. लिंगाविषयीच्या रूढ समजुतींवर आधारलेला भेदभाव हाही लिंगाच्या कारणावरून केलेला भेदभावच होय, अशी त्यांची भूमिका होती. न्यायनिर्णय केवळ व्याकरणावर होत नाहीत हे खरे, परंतु एका पदबंधातील एका शब्दाची कक्षा किती दूरवर परिणाम करते, हे येथे स्पष्ट होते.

अधिकृत मराठी पाठात ‘केवळ’ हा शब्द यादीच्या आधी येतो. त्यामुळे मराठी वाचक स्वाभाविकपणे पहिल्या वाचनाकडे झुकतो, आणि ‘ओन्ली’च्या इंग्रजीतील स्थानामुळे खुला राहिलेला दुसरा पर्याय दृष्टीआड होतो. हा भाषांतरकारांचा प्रमाद नव्हे. दोन भाषांत पदबंधांची जागा भिन्न असल्याने निवड करणे त्यांना भागच होते. परंतु अशी निवड झाली आहे, हे वाचकाला ठाऊक असले पाहिजे.

समारोप

मोडलचे कोष्टक त्याज्य आहे असे येथे सुचवायचे नाही. ते अपुरे आहे, इतकेच म्हणणे आहे. प्रत्येक नकारार्थी वाक्यापुढे विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : नकार वृत्तीला आहे काय? क्रियेला आहे काय? की पुढील पदबंधाला आहे? उत्तर इंग्रजीत सापडले नाही, तर ते वाक्य मराठीत दोन प्रकारे मांडून पाहावे. जेथे दोन मांडण्या शक्य होतात तेथे इंग्रजी वाक्य संदिग्ध आहे, असे समजावे.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. त्यांच्या समितीने सिद्ध केलेल्या मसुद्यातून साकारलेले संविधान इंग्रजी आणि मराठी या दोन्ही पाठांत शेजारी ठेवून वाचणे, हा आपल्या वर्गांसाठी मोडल क्रियापदांचा सर्वांत अर्थपूर्ण स्वाध्याय ठरेल. त्यातील प्रत्येक ‘शॅल नॉट’ कोणाला तरी काही करण्यापासून रोखतो. तो नेमके काय रोखतो, हे ज्याला वाचता येते त्यालाच त्या नकाराचा आधार घेता येतो.