विमानांतर्गत सेवा आणि केबिन कर्मचारी : स्पर्धक विमान कंपन्यांच्या तुलनेची चिकित्सा
(रायगड किनाऱ्याच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
विमान कंपन्यांच्या सेवेची तुलना सामान्यतः भोजन, आसन आणि कर्मचाऱ्यांचे हास्य या तीन गोष्टींवर केली जाते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यानंतर ही तुलना रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील गावांतही होऊ लागणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या प्रचलित तुलनेच्या निकषांची चिकित्सा केली असून सुरक्षितता, भाषा आणि कर्मचाऱ्यांची कार्यस्थिती हे निकष अग्रस्थानी असावेत, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : विमानांतर्गत सेवा, केबिन कर्मचारी, भावनिक श्रम, अल्पदर विमान कंपनी, रायगड किनारा.

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्याचा किनारा हा मूलतः जलवाहतुकीचा प्रदेश आहे. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या जलमार्गावर पीएनपी, मालदार आणि अजंठा या संस्थांच्या बोटी चालतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवाही सुरू झाली. कोणाची बोट वेळेवर सुटते, कोणाच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसप्रवास धरलेला असतो, कोणाचे खलाशी वृद्धांना हात देऊन उतरवून घेतात, अशी तुलना येथील प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. या तुलनेला एक करुण पार्श्वभूमीही आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. प्रवासी सेवेचा पहिला अर्थ 'सुखरूप पोहोचविणे' हाच आहे, हे या किनाऱ्याने फार मोठी किंमत मोजून जाणले आहे.

याच जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात उलवे परिसरात सुमारे ११६० हेक्टर क्षेत्रावर नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा एअर आणि स्टार एअर या कंपन्यांनी आरंभीची उड्डाणे केली. दहा गावांच्या स्थलांतरातून हा विमानतळ साकारला असल्यामुळे आगरी-कोळी समाजाचा या व्यवसायाशी संबंध दुहेरी आहे. या समाजातील व्यक्ती उद्याची प्रवासी आहे आणि उद्याची कर्मचारीही आहे. म्हणूनच विमानसेवेचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर व्हावे, हा प्रश्न या प्रदेशासाठी केवळ ग्राहकहिताचा राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) भारतातील विमानांतर्गत सेवेच्या बदलत्या स्वरूपाचा आढावा घेणे.
२) स्पर्धक कंपन्यांच्या तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित निकषांची चिकित्सा करणे.
३) केबिन कर्मचाऱ्यांच्या कार्यस्थितीचा सेवेच्या दर्जाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

प्रस्तुत विवेचन देशांतर्गत प्रवासापुरते मर्यादित असून त्यासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

सेवेच्या कल्पनेचा प्रवास :
भारतीय विमानसेवेच्या इतिहासात आदरातिथ्याची कल्पना एअर इंडियाच्या 'महाराजा'ने रुजविली. बॉबी कुका आणि उमेश राव यांनी १९४६ मध्ये निर्माण केलेले हे बोधचित्र मोठे अर्थपूर्ण आहे. नाव महाराजाचे असले तरी तो वाकून स्वागत करतो. विमानप्रवास हा मूठभरांचा असल्याने प्रत्येक प्रवाशाला राजासारखे वागविणे त्या काळी शक्य होते. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स अशी विभागणी झाली व देशांतर्गत प्रवाशाला सुमारे चार दशके निवडीचा प्रश्नच उरला नाही. निवड नसेल तेथे तुलनाही नसते.

खरी स्पर्धा १९९० नंतरच्या उदारीकरणाने आणली. मे १९९३ मध्ये सुरू झालेल्या जेट एअरवेजने वक्तशीरपणा आणि गरम भोजन यांच्या बळावर मध्यमवर्गीय प्रवाशाला आकर्षित केले. २००३ मध्ये एअर डेक्कनने याच्या नेमकी उलट वाट धरून भाडे कमी ठेवले आणि खाद्यपदार्थ विकत दिले. मे २००५ मध्ये किंगफिशरने प्रत्येक आसनासमोर पडदा बसवून प्रवाशाला 'अतिथी' म्हणण्यास प्रारंभ केला, तर ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो कमी भाडे आणि वेळेचे पालन या दोनच आश्वासनांसह आली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि जेटची एप्रिल २०१९ मध्ये थांबली. जानेवारी २०१५ मध्ये आलेली विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

या इतिहासावरून 'उत्तम सेवा देणाऱ्या कंपन्या बुडतात' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो अपुरा आहे. २०१२ मध्ये किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांचे वेतन कित्येक महिने थकले होते. ज्यांच्या हसतमुख स्वागतावर त्या कंपनीची कीर्ती उभी होती, त्यांनाच पगार मिळत नव्हता. मग ती सेवा 'उत्तम' कोणत्या अर्थाने म्हणावयाची, हा प्रश्न प्रचलित तुलनेत कोठेही उपस्थित होत नाही.

प्रचलित निकषांची चिकित्सा :
भोजन हा तुलनेतील सर्वाधिक लोकप्रिय निकष होय. इंडिगोच्या विमानात गरम पाणी ओतून होणारे पोहे किंवा उपमा विकत मिळतो, एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आगाऊ नोंदणी करून गरम जेवण घेता येते, तर अकासा सणावारांना अनुसरून खास पदार्थ देते. एअर इंडियाच्या भाड्यात भोजन अंतर्भूत असते. मात्र २०१७ मध्ये तिनेही देशांतर्गत इकॉनॉमी वर्गातील मांसाहार बंद केला होता. 'एक कंपनी जेवण देते, दुसरी देत नाही' ही तुलना वरवर योग्य वाटली तरी ती दोन भिन्न करारांची तुलना आहे. ज्या भाड्यात जेवणाची किंमत धरलेलीच नाही, तेथे जेवण नसणे ही त्रुटी नव्हे. आगाऊ मागणी नोंदवूनही ते न मिळणे ही मात्र निश्चितच त्रुटी आहे. तुलना आश्वासन आणि पूर्तता यांच्यातील अंतराची व्हावयास हवी.

दुसरा निकष कर्मचाऱ्यांच्या तत्परतेचा. येथे साधे गणित उपयुक्त ठरते. भारतात साधारणपणे दर ५० आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी असावा लागतो. १८६ आसनांच्या विमानात म्हणजे चार कर्मचारी. तासाभराच्या उड्डाणात चढणे-उतरणे वजा जाता सेवेसाठी ३० मिनिटे मिळतात असे मानले, तर एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला सुमारे ४६ प्रवासी आणि प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला ४० सेकंदांहूनही कमी वेळ येतो. त्यात पाणी देणे, विक्री करणे, सुटे पैसे परत करणे आणि कचरा गोळा करणे हे सर्व उरकावे लागते. अशा वेळी एखाद्या कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर हास्य नसेल तर 'उद्धट कर्मचारी' असा शेरा मारणे सोपे असते. परंतु दोष व्यक्तीच्या स्वभावात आहे की कामाच्या रचनेत, हे तपासले जात नाही. ७६ आसनांच्या स्टार एअरची आणि १८६ आसनांच्या इंडिगोची सेवा एकाच मापाने मोजणे त्यामुळेच अन्यायकारक ठरते.

तिसरा निकष रूपाचा व पेहरावाचा. मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला 'हवाई सुंदरी' हा शब्द या दृष्टीने विचारार्ह आहे. १९३० मध्ये अमेरिकेत एलन चर्च या जगातील पहिल्या विमान परिचारिका झाल्या, त्या व्यवसायाने प्रशिक्षित परिचारिका होत्या. 'परिचारिका' हा शब्द या कामाच्या उगमाशी प्रामाणिक आहे, 'सुंदरी' हा शब्द नाही. त्या शब्दात सौंदर्य हीच नोकरीची पात्रता ठरते आणि या कामातील पुरुष तर पूर्णपणे अदृश्य होतात. अकासाने कर्मचाऱ्यांना पँट, जाकीट आणि धावता येईल असे बूट दिले, एअर इंडियाने साडीची परंपरा नव्या रूपात पुढे चालविली. यांपैकी अधिक मोहक पेहराव कोणता, हा प्रश्न गौण आहे. आणीबाणीच्या क्षणी कोणत्या पेहरावात दार उघडून प्रवाशांना बाहेर काढणे सुकर होईल, हा प्रश्न मुख्य आहे.

सुरक्षितता : दुर्लक्षित निकष :
केबिन कर्मचारी हा प्रथमतः सुरक्षा कर्मचारी असतो व नंतर आदरातिथ्य करणारा. प्रवासी विमानाच्या प्रमाणीकरणासाठी निम्म्या दारांचा वापर करून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येणे आवश्यक असते. या कसोटीचा प्रत्यक्ष अर्थ २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसला. जपान एअरलाइन्सचे विमान पेटलेले असताना कर्मचाऱ्यांनी सर्व ३७९ जणांना जिवंत बाहेर काढले. त्या दिवशी विमानात कोणते भोजन दिले गेले होते, हे कोणी विचारले नाही. भारतीय संदर्भात नीरजा भनोत यांचे नाव अपरिहार्यपणे आठवते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराची येथे अपहृत पॅन ॲम विमानातील प्रवाशांना वाचविताना त्यांनी प्राणार्पण केले.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे विमान कोसळून विमानातील २४२ पैकी २४१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत दहा केबिन कर्मचारी होते. त्या दुर्घटनेचे दुःख रायगडच्या किनाऱ्यापर्यंत थेट पोहोचले. केबिन कर्मचाऱ्याची नोकरी म्हणजे केवळ झगमगाट नव्हे, ही जाणीव त्यामुळे येथील अनेक घरांना झाली असल्यास नवल नाही.

सुरक्षिततेशी भाषेचा निकष निगडित आहे. विमानातील सुरक्षा सूचना प्रामुख्याने हिंदी व इंग्रजीतून दिल्या जातात. उरण, पेण किंवा अलिबाग तालुक्यातील एखादी वृद्ध महिला प्रथमच विमानात बसली, तर प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला लावावा, सामान सोडून बाहेर पडावे, या सूचना तिला तिच्या भाषेत समजणे हे सौजन्य नसून सुरक्षिततेची गरज आहे. स्थानिक भाषा जाणणारा कर्मचारी हा सेवेच्या दर्जाचा एक मोजता येण्याजोगा घटक मानला पाहिजे. दुर्दैवाने कोणत्याही लोकप्रिय तुलनेत त्यासाठी गुण नसतात.

कार्यस्थिती आणि भावनिक श्रम :
अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात विमान कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. स्वतःच्या मनातील भाव बाजूला सारून व्यवसायाला हवे ते भाव चेहऱ्यावर आणणे हेही श्रमच आहेत, असा तिचा आशय आहे. प्रवासी ज्याला 'सेवा' म्हणतो, त्याचा मोठा भाग या अदृश्य श्रमांनी बनलेला असतो.

या श्रमांकडे पाहण्याची भारतीय व्यवस्थेची दृष्टी नर्गेश मिर्झा खटल्यात स्पष्ट होते. एअर इंडियाच्या नियमानुसार विमान परिचारिकेला वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्या गरोदरपणात निवृत्त व्हावे लागे. पुरुष पर्सरचे निवृत्तिवय मात्र ५८ होते. २८ ऑगस्ट १९८१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. विवाहाची चार वर्षांची अट मात्र ग्राह्य धरली. कंपन्यांची मालकी बदलली तरी तणाव संपलेला नाही. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी सामूहिकरीत्या आजारपणाची रजा घेतल्याने अनेक उड्डाणे रद्द झाली. २५ कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले आणि श्रम आयुक्तांसमोरील चर्चेनंतर त्यांना परत घेण्यात आले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांशी मेळ न बसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वक्तशीरपणासाठी नावाजलेल्या कंपनीचा हा अनुभव सांगतो की, कर्मचाऱ्याची विश्रांती हीच प्रवाशाच्या वक्तशीरपणाची पूर्वअट आहे.

नवी मुंबई विमानतळामुळे स्थलांतरित झालेल्या कुटुंबांतील तरुण-तरुणींना या क्षेत्रात नोकरीची अपेक्षा वाटणे साहजिक आहे. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या आंदोलनाने येथील भूमिपुत्रांना विकसित भूखंडातील वाट्याचा हक्क मिळवून दिला. जमिनीच्या मोबदल्याची ती लढाई होती; आता प्रश्न रोजगाराच्या दर्जाचा आहे. स्थानिकांना विमानतळावर कोणत्या नोकऱ्या मिळतात आणि त्या नोकऱ्यांत विश्रांती, वेतन व प्रतिष्ठा कितपत आहे, हे पाहिल्याशिवाय कोणतीही कंपनी 'चांगली' ठरविता येणार नाही.

निष्कर्ष :
१) पूर्ण सेवा आणि अल्पदर कंपन्यांची तुलना भोजनाच्या असण्या-नसण्यावर न करता दिलेल्या आश्वासनाच्या पूर्ततेवर करणे न्याय्य आहे.
२) कर्मचाऱ्यांच्या तत्परतेचे मूल्यमापन करताना प्रवासीसंख्या, उड्डाणाचा कालावधी व कर्मचारीसंख्या विचारात घेणे आवश्यक आहे.
३) सुरक्षितता आणि स्थानिक भाषेचे ज्ञान हे निकष तुलनेत अग्रस्थानी असावेत.
४) कर्मचाऱ्यांची कार्यस्थिती हा सेवेच्या दर्जाचा पाया असल्याने तिला वगळून केलेली तुलना अपूर्ण ठरते.
५) 'हवाई सुंदरी' या शब्दाऐवजी 'केबिन कर्मचारी' किंवा 'विमान परिचारक, परिचारिका' हे शब्द अधिक यथार्थ आहेत.

समारोप :
बोटीच्या प्रवाशाने खलाशाला कधी त्याच्या दिसण्यावरून जोखले नाही. समुद्र खवळल्यावर तो कसा वागतो, यावरून जोखले. रायगड किनाऱ्याची ही जुनी कसोटी विमानसेवेलाही लावता येण्याजोगी आहे. चहा गरम होता की कोमट, याची नोंद प्रवाशाने अवश्य घ्यावी. परंतु तो चहा देणारा कर्मचारी कितव्या सलग उड्डाणावर आहे, हेही विचारण्याची सवय समाजाला लागली, तर विमान कंपन्यांतील स्पर्धा अधिक अर्थपूर्ण होईल.