जाड अक्षरे, उथळ खोली : फ्लेक्सवरील देवनागरी आणि कोरलचा लोपबिंदू

वर्तकनगर नाक्यावर वाढदिवसाचे, दहीहंडीचे, म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासाचे फ्लेक्स बारा महिने लागलेले असतात. त्यांच्या भाषेवर आपण हसतो आणि बेकायदेशीरपणावर चिडतो. पण चित्र म्हणून त्यांची समीक्षा क्वचितच होते. या फ्लेक्सचा सर्वांत ठळक दृश्यविशेष म्हणजे खोली. अक्षरे विटांसारखी पुढे येतात, नेते ढगांतून बाहेर पडतात, प्रत्येक वस्तूखाली सावली असते. ही खोली संगणकाच्या एका आज्ञेने येते, आणि ती आज्ञा देवनागरीचा विचार करून घडवलेली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

फ्लेक्सच्या दुकानात आजही ‘कोरल’चा शब्द चालतो. कॅनडातील ओटावा येथील कंपनीचे कोरलड्रॉ १९८९ साली बाजारात आले. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात ‘पर्स्पेक्टिव्ह’ आणि ‘एक्स्ट्रूड’ या सोयी आल्या. अ‍ॅडोबी इलस्ट्रेटर १९८७ चे. त्यात त्रिमिती परिणाम २००३ मध्ये आणि यथार्थदर्शनाची जाळी २०१० मध्ये आली. या प्रणालींत आकृती ठिपक्यांनी भरलेली नसते, बिंदू आणि वक्र यांच्या गणिताने बांधलेली असते. त्यामुळे बोटभर अक्षर वीस फुटांचे केले तरी त्याची कड फाटत नाही. फ्लेक्सच्या धंद्याला नेमके हेच हवे होते.

एक्स्ट्रूडची रीत सोपी आहे. अक्षराची बाह्यरेषा घ्यायची, तिची छोटी प्रत लोपबिंदूकडे, म्हणजे मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळून नाहीशा होतात त्या बिंदूकडे, सरकवायची आणि दोन्ही बाह्यरेषांमध्ये भिंती उभ्या करायच्या. रोमन मोठ्या लिपीला हे सहज मानवते. तिची अक्षरे सुटी असतात, वर-खाली चिन्हे नसतात आणि दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत भिंत मावते.

देवनागरीत ती जागा नसते. शिरोरेषा शब्दभर सलग धावते. लोपबिंदू वर ठेवला तर शिरोरेषेची वरची भिंत मात्रेच्या आणि वेलांटीच्या पोकळीत घुसते, अनुस्वार तिच्यात बुडतो. बिंदू खाली ठेवला तर तिची खालची भिंत पडद्यासारखी अक्षरांवर लोंबते. ‘प’ आणि ‘ष’ यांची पोटे बुजतात. बिंदू बाजूला नेला तर शिरोरेषेच्या तुटक्या टोकाची भिंत पुढच्या फटीत शिरते. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला ठळक फरक त्या फटीचाच. म्हणून ‘भावी आमदार’ लांबून ‘मावी आमदार’ होतो आणि भाजीच्या दुकानाची पाटी ‘माजी’ वाचली जाते.

पेच इथे आणखी वाढतो. रस्त्यावरचा फलक डोक्यापेक्षा उंच टांगलेला असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला वस्तूचा तळ दिसला पाहिजे. दृष्टिशास्त्राप्रमाणे लोपबिंदू खालीच हवा, आणि शिरोरेषेची भिंत अक्षरांवर लोंबते ती याच स्थितीत. म्हणजे यथार्थदर्शन जितके अचूक, तितके वाचन अवघड.

सांध्यांचा प्रश्न वेगळा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काना, मात्रा, वेलांटी हे सुटे तुकडे एकमेकांवर चढवून शब्द होतो. अक्षरांचे वक्र करून हे तुकडे ‘वेल्ड’ केले नाहीत, तर प्रत्येक तुकड्याची कड वेगळी राहते आणि सलग शिरोरेषेत भेगा दिसतात. ‘वेल्ड’ऐवजी ‘कम्बाइन’ केले तर तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे चक्क भोक पडते.

संपूर्ण फलकाच्या रचनेतही हाच विसंवाद आहे. कोरलमध्ये लोपबिंदू मुळात त्या त्या वस्तूला बांधलेला असतो. ओळ हलवली की तिचा बिंदूही हलतो. परिणामी एका फलकावर चार ओळी आणि चार क्षितिजे दिसतात. बिंदू पानाला बांधण्याची किंवा सर्व वस्तूंना एकच बिंदू देण्याची सोय तिथेच शेजारी आहे, पण ती फारशी वापरली जात नाही. चेहऱ्यांचे आकार मात्र हुद्द्याने ठरतात : साहेब मोठे, कार्यकर्ते तिकिटाएवढे. हे दोष म्हणून हिणवण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीही भोवतालच्या आकृतींपेक्षा मोठा आहे. महत्त्वानुसार आकार ही आपली जुनी रीत. बाबुराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले, तेव्हा समोर एका जागी बसलेला प्रेक्षक गृहीत होता. नाक्यावरचा प्रेक्षक रिक्षात असतो आणि त्याची जागा क्षणोक्षणी बदलते. फ्लेक्सने या दोन्ही रीती एकत्र केल्या. पण अक्षरांवर पडद्याची शिस्त लादताना वाचणारा थांबलेला नाही, हे विसरले गेले.

आपल्याकडे या विचाराची तयारी नव्हती असे नाही. राज्याच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत घनभूमिती आणि अक्षरलेखन एकाच प्रश्नपत्रिकेत येतात; पण दोन वेगळे प्रश्न म्हणून, एकमेकांची ओळख न होता. कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना अक्षराच्या वळणातूनच व्यक्तिमत्त्व दिले. त्यासाठी विटांची जाडी लागली नाही. हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना अक्षर आणि छाया यांच्यामध्ये बारीक फट सोडण्याची युक्ती माहीत होती. त्या फटीमुळे खोली दिसते आणि अक्षराची कडही शाबूत राहते.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. दुकानांवरील मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी कायदादुरुस्ती राज्यात २०२२ मध्ये झाली. कायदा अक्षराची उंची मोजतो. पण दोन फूट उंच ‘ध’ जर ‘घ’ वाचला जात असेल, तर मराठीला मिळालेली जागा वाया गेली. उपाय खर्चिक नाहीत. आधी तुकडे वेल्ड करावेत. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या फटी मुद्दाम रुंद कराव्यात. भिंतीची जाडी त्या फटीपेक्षा कमी ठेवावी. सर्व ओळींना एकच लोपबिंदू द्यावा. मग छपाईला पाठवण्यापूर्वी फलक पडद्यावर अंगठ्याएवढा लहान करून वाचून पाहावा. नाव त्या आकारात नीट वाचता आले नाही, तर जाडी कमी करावी. फाँट घडवणाऱ्यांनीही फलकांसाठी मोकळ्या पोटांची, रुंद फटींची वेगळी देवनागरी द्यायला हवी. हे काम परदेशी कंपनी आपल्यासाठी करील याची वाट पाहण्यात अर्थ नाही.