मुक्यांचे भाषांतर

अ‍ॅना स्यूएलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’च्या (१८७७) शीर्षकपानावर तिचे नाव भाषांतरकार म्हणून छापले होते, मूळ लेखन घोड्याच्या भाषेतले. भाषांतराच्या धंद्यात असणाऱ्याला यात नुसती गंमत दिसत नाही. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने ‘मी’ कोणी म्हणावे? आणि तो ‘मी’ बालपणीच कानी पडला तर मूल नेमके काय शिकते?

स्यूएलने ही कादंबरी लिहिली ती घोडे हाताळणाऱ्या माणसांसाठी. ती मुलांच्या हाती पडण्यात प्राणिदयेच्या चळवळीचा मोठा वाटा आहे. बॉस्टनच्या जॉर्ज एंजेल यांनी १८८२पासून ‘बँड ऑफ मर्सी’ ही मुलांची मंडळे अमेरिकेत पसरवली. प्राण्यांशी दयेने वागण्याची शपथ मुले तिथे घेत. १८९०मध्ये एंजेल यांनी ‘ब्लॅक ब्यूटी’ची अमेरिकन आवृत्ती काढली आणि ‘अंकल टॉम्स केबिन’शी तिचे नाते जोडले.

कादंबरी मात्र शपथेपेक्षा मोठी आहे. सीडी सॅम हा घोडागाडीवाला जनावरांना मरेस्तोवर राबवतो, कारण गाडी-घोड्यांचे रोजचे भाडे मालकाला चुकते केल्यावरच त्याच्या घरची चूल पेटते. शेवटी तोही मरतो. मुलांसाठी संक्षेप करताना हे प्रकरण गाळले, की उरतात फक्त चांगले मालक आणि वाईट मालक.

शरच्चंद्रांच्या ‘महेश’मध्ये ही वाटणी टिकत नाही. महेश हा बैल एक शब्दही बोलत नाही. गरीब गफूर आपल्या छपराचा पेंढा काढून त्याला घालतो. गोमाहात्म्य सांगणारे तर्करत्न मात्र उसना पेंढाही देत नाहीत. दुष्काळात आमिनाची घागर फुटते, सांडलेले पाणी महेश पिऊ लागतो आणि संतापाच्या भरात गफूरच्याच हातून मरतो. वाचणाऱ्या मुलाला गफूरचा द्वेष करता येत नाही, महेशचे मरणही विसरता येत नाही.

प्रेमचंदांच्या ‘दो बैलों की कथा’त हिरा-मोती मूक भाषेत बोलतात, पण एकमेकांशी. माणसापुढे ते गाऱ्हाणे मांडत नाहीत. कोंडवाड्याची भिंत फोडून इतर जनावरांना वाट करून देतात.

मराठीत आपण सहज ‘मुकी जनावरे’ म्हणतो आणि बोलण्याचा मक्ता स्वतःकडे घेतो. लहानपणी मिळालेली प्राणिदया मोलाची आहेच. घोड्याचा ‘मी’ ऐकलेले मूल चाबकाकडे पूर्वीसारखे पाहणार नाही. पण तेवढ्यावरच थांबले, तर चाबूक धरणाऱ्या गरिबाला तुच्छ लेखायलाही ते शिकेल, आणि भाडे वसूल करणारा मालक त्याच्या नजरेतून सुटेल. म्हणून मुलांना ‘ब्लॅक ब्यूटी’ द्यावी ती सीडी सॅमसकट, आणि चार वर्षांनी तिच्या शेजारी ‘महेश’ ठेवावा.