प्लॅस्टिकचा पाइप, लोखंडाचा हिशोब

ताथवड्याहून पिंपरी, भोसरी, चाकण, कुठेही निघा. प्लेटिंग शॉप, पेंट शॉप, सांडपाण्याचा प्लांट, तिथे रॅकवर सीपीव्हीसीचे पाइप दिसतात, आणि बरेचदा दोन बीमांच्या मध्ये झोळीसारखे लोंबताना दिसतात. आपण म्हणतो, "प्लॅस्टिकच ते, वाकणारच." आमचा आक्षेप आहे तो या वाक्यावर.

दोष पाइपाचा नाही, हिशोबाचा आहे. रॅकचे बीम स्टीलच्या पाइपाकडे बघून मांडलेले असतात. पाण्याने भरलेला ५० मिलिमीटरचा स्टीलचा पाइप ३ मीटरवर टेकला तरी चालतो. त्याच मापाच्या जाड सीपीव्हीसी पाइपाला ६० अंश सेल्सिअसला २ मीटरच्या आत आधार लागतो. ८० अंशांना सव्वा मीटरच्या आसपास. ड्रॉइंगवर मात्र दोन्ही रेषा सारख्याच दिसतात.

मग साइटवर काय होतं? मध्ये आणखी यू-बोल्ट मारतात आणि करकचून आवळतात. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा वाईट. सीपीव्हीसी तापल्यावर स्टीलच्या पाचपट वाढतो. ३० मीटरची सरळ लाइन घ्या. हिवाळ्यातल्या पहाटे पाइप १० अंशांवर, उन्हाळ्यात तापून ५० वर. स्टील दीड सेंटीमीटरही वाढत नाही. हा जवळजवळ ८ सेंटीमीटर वाढतो. जागोजागी आवळलं तर ही वाढ जाणार कुठे? पाइप नागमोडी होतो, एल्बोवर ताण येतो, एक दिवस सांधा उघडतो. आत ॲसिड असतं आणि खालून माणसं जात असतात.

यावर "सगळं स्टेनलेस करा" म्हणणारेही भेटतात. हायड्रोक्लोरिक ॲसिड नेहमीच्या स्टेनलेसलाही खातं. प्लॅस्टिक तिथे काटकसर म्हणून आलेलं नाही, गरज म्हणून आलंय.

उपाय साधा आहे. पाइपाखाली सलग अँगल किंवा ट्रे द्या, धारदार कड लागू देऊ नका. लाइन ठरावीक ठिकाणीच अँकर करा, बाकी क्लॅम्प सैल ठेवा म्हणजे पाइप सरकेल. वाढीसाठी लूप ठेवा. व्हॉल्व्हचं वजन पाइपावर टाकू नका, त्याला स्वतःचा आधार द्या.

"सपोर्टचं लोखंड महाग पडतं," असं म्हणतात. पडतं खरं. पण तो खर्च पाइपाच्या किमतीतलाच आहे. आपण तो कोटेशनमधून वगळतो आणि मग पाइप स्वस्त म्हणतो.