अणुगर्भाचा विद्युद्भार : व्याख्या कीं शोध?

‘अणूच्या गर्भांत जितके प्रोटॉन, तितका त्याचा धन विद्युद्भार, आणि तोच त्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक होय.’ अशा आशयाचें वाक्य पदार्थविज्ञानाच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत आढळतें. त्यांत चूक कांहींच नाहीं. तथापि त्यानें वाचकाच्या पदरीं काय पडतें, हें पाहूं जातां आमची निराशा होते. सोन्याच्या अणूंत प्रोटॉन ७९ कां? तर क्रमांक ७९ म्हणून. आणि क्रमांक ७९ कां? तर प्रोटॉन ७९ म्हणून! घाण्याच्या बैलाची ही वाटचाल झाली. ‘पण ते मोजले कोणीं?’ असें एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत विचारिलें, तेव्हां आम्हीही हीच प्रदक्षिणा घातली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

ह्या प्रश्नाचें उत्तर व्याख्येंत नसून इतिहासांत आहे. गायगर व मार्सडेन ह्यांनीं १९०९ सालीं प्लॅटिनमच्या पत्र्यावर आल्फा कण सोडले, तेव्हां सुमारें ८,००० कणांपैकीं एक मागें परतला. त्यावरून, अणूंतील विद्युद्भार मध्यभागीं एकवटलेला असला पाहिजे, असें रदरफोर्ड ह्यांनीं १९११ च्या निबंधांत मांडिलें. ह्या निबंधांतील संयम आम्हांस विशेष भावतो. मध्यवर्ती भार धन कीं ऋण, ह्याचा निर्णय त्यांनीं राखून ठेविला. कारण विखुरण्याचें गणित दोन्ही पक्षीं सारखेंच उतरतें. सोन्याचा भारही त्यांनीं सुमारें १०० एककें धरिला होता. ‘७९’ हा आंकडा कोणासही आयता मिळालेला नाहीं.

भार म्हणजे आवर्तसारणींतील स्थानाचा क्रमांकच असावा, ही कल्पना फान डेन ब्रूक ह्यांची. मोज्ली ह्यांनीं १९१३-१४ सालीं ती क्ष-किरणांच्या कसोटीस लाविली. ह्या किरणांच्या कंपनसंख्येचें वर्गमूळ मूलद्रव्यागणिक जवळजवळ समान पायरीनें चढतें, असें त्यांस आढळलें. अणुभार पाहिला तर कोबाल्ट निकेलच्या मागून यावयास हवें. पण ह्या पायऱ्यांनीं कोबाल्टास २७ व निकेलास २८ हेंच स्थान दिलें. हा शोधक १९१५ सालीं गॅलिपोलीच्या रणांत अवघ्या २७ व्या वर्षीं पडला. पुढें १९२० सालीं चॅडविक ह्यांनीं आल्फा कणांच्या विखुरण्यावरून तांबें, रुपें व प्लॅटिनम ह्यांचे भार मोजले. ते अनुक्रमें २९.३, ४६.३ व ७७.४ भरले, क्रमांक आहेत २९, ४७ व ७८. दोन निराळ्या वाटा एकाच गांवीं पोंचल्या.

आणखी एक गोष्ट आमचे ग्रंथकार विसरतात. गर्भांत प्रोटॉनांबरोबर इलेक्ट्रॉनही असतात, असें १९३२ सालीं न्यूट्रॉनचा शोध लागेपर्यंत सर्वसाधारण मत होतें. तें मत गेलें. भाराचे आंकडे मात्र ढळले नाहींत. कल्पिलेलें बदललें, मोजलेलें टिकलें. प्रोटॉनांची संख्या हा मोजलेल्या भाराचा उलगडा आहे. पुस्तकें मात्र उलगडा आधीं देतात आणि कोडें सांगतच नाहींत.

नवशिक्यास एवढें झेपणार नाहीं, असा आक्षेप कोणी घेतील. आमचा अनुभव उलट आहे. ‘कोणीं मोजले?’ हा प्रश्न नवशिक्यासच सुचला होता. पाठांतरांत मुरलेल्या आम्हांस तो कधींच सुचला नाहीं. सूत्र शेवटीं यावें, शंका आधीं यावी, एवढीच आमची मागणी आहे. अन्यथा विज्ञानाच्या नांवाखालीं आपण मुलांस एक नवें शब्दप्रामाण्य शिकवूं, आणि तें जुन्याहून बरें म्हणण्यास कांहींच आधार उरणार नाहीं.